थर्ड पार्टीची भिंत

नागोजीरावांना जगातलं सगळं कळत होतं. न कळणारी एखादी गोष्ट निघालीच, तर ती फालतू आहे एवढं तरी त्यांना नक्की कळायचं. ट्रकचा विमा ही त्यातलीच एक फालतू गोष्ट!

बंगळूरच्या चिकपेटात त्यांचं कचेरीवजा दुकान, जे. पी. नगरात घर, आणि घराशेजारच्या रिकाम्या साईटवर, म्हणजे मोकळ्या प्लॉटवर, त्यांचा एकुलता एक ट्रक. हा ट्रक तयार कपड्यांचे खोके घेऊन मद्रासच्या बंदरावर जायचा. तो परत आला की नागोजीराव त्याच्याभोवती अशी चक्कर मारायचे, की जणू जहाज यांनीच ढकलून समुद्रात लोटलं होतं.

"अण्णा, यंदा फुल इन्शुरन्स घ्या," विमा एजंट प्राणेश मल्लेश्वरमहून स्कूटर हाकत खास सांगायला आला. "बंदराचा रस्ता वाईट. ट्रकला काही झालं तरी कंपनी भरून देते."

"हप्ता किती?"

प्राणेशनं आकडा सांगितला. नागोजीराव खुर्चीतून उठलेच.

"एवढ्या पैशांत ट्रकला रोज बदामाचं दूध पाजीन मी!"

"मग नुसता थर्ड पार्टी घ्या. तो कायद्यानं घ्यावाच लागतो. पण नीट ऐका अण्णा. तुमच्या ट्रकनं दुसऱ्याचं नुकसान केलं, तर कंपनी देणार. तुमच्या ट्रकचं, तुमच्या घरादाराचं काही झालं, तर तुमचं तुम्ही."

"सरी, सरी! कळलं! आमचाच ट्रक आमच्याच घरादारावर घालायला आम्ही काय वेडे आहोत?"

दारात उभ्या असलेल्या राजलक्ष्मीबाईंनी, म्हणजे नागोजीरावांच्या पत्नीनं, प्राणेशकडे पाहिलं. प्राणेशनं फॉर्मकडे पाहिलं. मालक वेडा आहे का, असा रकाना फॉर्ममध्ये नव्हता, म्हणून त्यानं काहीच लिहिलं नाही.

आता भिंतीचं सांगायला हवं. नागोजीरावांची साईट आणि शेजारच्या सुधींद्ररावांचं घर यांच्या मधोमध एक भिंत होती. छातीएवढी उंच, पोपडे उडालेली, पावसाळ्यात रडणारी. सुधींद्रराव पोस्टातून रिटायर झालेले, आणि माणूस रिटायर झाला की त्याला वेळच वेळ! भिंत आपली, असं ते म्हणायचे. भिंत आपली, असं नागोजीराव म्हणायचे. सात वर्षं हे चाललं. दोघांच्याही घरी मराठी, पण सात वर्षांत ते एकमेकांशी मराठीचं एक अक्षर बोलले नाहीत. मराठी आपल्या माणसांशी बोलायची. भांडायला कन्नड होतीच की!

शेवटी दसऱ्याच्या आठ दिवस आधी कार्पोरेशनचा कागद आला. भिंत आणि तिच्यालगतची दीड फूट जागा नागोजीरावांची! नागोजीरावांनी गल्लीत म्हैसूरपाक वाटला. तेवढ्यानं पोट भरेना, म्हणून पेंटर बोलावून भिंतीवर सुधींद्ररावांच्या बाजूनं, त्यांना सकाळी दात घासताना बरोबर समोर दिसेल अशा बेतानं, हातभर अक्षरांत लिहून घेतलं : 'ही भिंत नागोजीराव यांची आहे.' सुधींद्ररावांनी दुसऱ्या दिवसापासून मोरीत दात घासायला सुरुवात केली.

आणि खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी बंगळुरात चाक असलेल्या प्रत्येक वस्तूची पूजा होते. ट्रक धुतला, पुसला, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधले. समोरच्या काचेवर झेंडूच्या माळा एवढ्या सोडल्या, की आत बसलेल्याला रस्ता सोडून बाकी सगळं दिसावं. कोहळा फोडून कुंकू लावलं. चारी बाजूंच्या चाकांखाली लिंबं ठेवली. आता ट्रक हातभर पुढं घेऊन लिंबं चिरडली, की वर्षभराची इडापिडा टळली!

ड्रायव्हर शिवाप्पा निपाणीकडचा. वीस वर्षं घाट चढून-उतरून मुरलेला. तो चप्पल काढून वर चढू लागला.

"तू उतर!" नागोजीराव गरजले. "भिंतीचा निकाल लागलेलं वर्ष आहे. यंदा लिंबं मालक चिरडणार!"

"अण्णा, म्होरं भिंत हाय. हातभरच घ्यायचा हाय ट्रक. मी घेतो की वो."

"हातभर घ्यायला काय अक्कल लागते?"

"अहो, तुम्हाला स्कूटरवरून वळताना उतरावं लागतं," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या.

नागोजीरावांनी हे ऐकलं नाही. ते वर चढले, चावी फिरवली. ट्रक गुरगुरला. एक लिंबू फुटलं, फट्! गल्लीनं टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकून नागोजीरावांना जोर आला, आणि तो सगळा उजव्या पायात उतरला.

"ब्रेक! अण्णा, ब्रेक दाबा की वो!"

"ब्रेकच दाबतोय!" नागोजीराव आतून ओरडले, आणि ॲक्सिलरेटर आणखी दाबला.

ट्रक चारी लिंबं, कोहळा, पूजेचं ताट आणि भिंत, या क्रमानं पार करून सुधींद्ररावांच्या अंगणात तोंड घालून थांबला. रेडिएटरमधून वाफ निघत होती. सुधींद्रराव मोरीतून तोंडात ब्रश घेऊनच बाहेर आले. सात वर्षांत प्रथमच मधे भिंत नव्हती, आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

दुपारपर्यंत हिशेब स्पष्ट झाला. ट्रकचा खर्च नागोजीरावांच्याच गळ्यात. भिंतीचाही नागोजीरावांच्याच गळ्यात, कारण भिंत त्यांची! तसं भिंतीवर लिहिलंच होतं की. नागोजीराव जेवले नाहीत. आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"भिंत सुधींद्राची असती तर?" त्यांनी राजलक्ष्मीबाईंना विचारलं. "थर्ड पार्टी! कंपनीच्या पैशानं नवी भिंत!"

"पण ती तुमची आहे. कागद आलाय."

"कागद काय, आपण दुसरा करू!"

संध्याकाळी ते म्हैसूरपाकाचा पुडा घेऊन पडक्या भिंतीवरून पलीकडे गेले आणि सात वर्षांनी मराठीत बोलले.

"सुधींद्रराव, मी चुकलो. भिंत तुमचीच."

सुधींद्ररावांनी म्हैसूरपाक हुंगून पाहिला. "लिहून द्याल?"

"देतो की!"

"लगतची दीड फूट जागा?"

नागोजीराव मनात हिशेब करू लागले. दीड फूट! सात वर्षं! वकिलाच्या जिन्यावर झिजवलेल्या चपला! पण हातात येणारी फुकटची भिंत दिसत होती.

"स्वल्प ॲडजस्ट करू," ते म्हणाले, आणि स्टॅम्पपेपरवर सही करून मोकळे झाले. सुधींद्ररावांनी साक्षीदार म्हणून राजलक्ष्मीबाईंचीच सही घेतली. पोस्टातला माणूस!

तिसऱ्या दिवशी प्राणेश कंपनीच्या सर्व्हेअरला घेऊन आला. नागोजीरावांनी शिवाप्पाकडून स्वतःचं नाव रंगवलेल्या विटा आधीच ताडपत्रीखाली लपवून घेतल्या होत्या. सर्व्हेअर जाड चष्म्याचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं ट्रक पाहिला, ढिगारा पाहिला, स्टॅम्पपेपर वाचला.

"भिंत यांची?"

"यांचीच!" नागोजीराव म्हणाले. "पहिल्यापासून!"

"पहिल्यापासून," सुधींद्रराव फार मनापासून म्हणाले.

"पेपर व्यवस्थित आहेत. क्लेम बसतो." सर्व्हेअरनं पेन उघडलं. "त्या वेळी ट्रक कोण चालवत होतं?"

प्राणेशनं शिवाप्पाकडे पाहून डोळे मोठे केले. शिवाप्पा भला माणूस. तो खिशातलं लायसन काढत पुढं झाला. "मीच वो, सायेब—"

"हा?" नागोजीरावांनी त्याला कोपरानं मागं सारलं. अख्खी गल्ली जमली होती. ज्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या, तिच्यादेखत मालकीचा मान ड्रायव्हरला? "याला मी हातसुद्धा लावू दिला नाही! लिंबं मालकानं चिरडायची. मी स्वतः चालवला, विचारा कुणालाही!"

प्राणेशनं कपाळाला हात लावला.

"अस्सं," सर्व्हेअर म्हणाला. "मग तुमचं ट्रकचं लायसन दाखवा."

नागोजीरावांनी खिसे चाचपले. मग मोठ्या रुबाबात आपलं लायसन पुढं केलं.

"हे स्कूटरचं आहे."

"चाकं चाकंच की हो, साहेब!"

सर्व्हेअरनं पेन बंद केलं, कागद घडी करून बॅगेत टाकले. "बिगर लायसनचा माणूस चालवत होता. कंपनी पैसे देणार नाही." आणि तो राजलक्ष्मीबाईंनी आणलेली कॉफी पिऊन निघून गेला.

"जाऊ दे!" नागोजीराव अवसान आणून म्हणाले. "नसेना का भिंत! पडली तर पडली."

"पडली कशी?" सुधींद्ररावांनी खिशातून स्टॅम्पपेपर काढला. "तुम्ही पाडली. माझी भिंत. बांधून द्या. नाहीतर मी कोर्टात जातो. मला वेळ आहे."

वेळ होताच! नागोजीरावांना पुढची सात वर्षं डोळ्यांसमोर दिसली आणि त्यांनी मुकाट्यानं गवंडी बोलावला. नवी भिंत जुनीपेक्षा दीड फूट अलीकडे आणि दोन फूट उंच झाली. उंची सुधींद्ररावांच्या सांगण्यावरून. ट्रक गॅरेजमधून आला, तर साईटवर मावेना. आता तो रात्रंदिवस रस्त्यावर उभा असतो.

दिवाळीनंतर राजलक्ष्मीबाईंनी स्वतः प्राणेशला बोलावलं. "फुल इन्शुरन्स घेऊ या म्हणते. त्यात आग, चोरी, अपघात सगळं येतं ना?"

"सगळं येतं अक्का."

"आणि मालक?"

प्राणेशनं पुस्तिका पुढून मागं, मागून पुढं चाळली. "नाही हो अक्का. तेवढी जोखीम कंपनी घेत नाही."

तेवढ्यात बाहेर शिडी टेकल्याचा आवाज आला. तोच पेंटर, तोच ब्रश, तीच हातभर अक्षरं. फक्त या खेपेला नागोजीरावांच्या बाजूनं, त्यांच्या न्हाणीघराच्या खिडकीसमोर : 'ही भिंत सुधींद्रराव यांची आहे.'

नागोजीराव दात घासता घासता बाहेर आले. "हे लिहायचे पैसे कोण देणार?"

"तुम्हीच, अण्णा," पेंटर शिडीवरून म्हणाला. "जुन्या भिंतीवर अक्षरं होती, तशीच नवीवर पाहिजेत, म्हणाले सुधींद्रराव. आणि जरा हा डबा धरता का?"

नागोजीरावांनी तोंडातला ब्रश सावरला आणि डबा धरला.