पॅरिसहून आणलेला निळा

पॅरिसच्या त्या प्रचंड चित्रसंग्रहालयात मी पाच मिनिटं बाकावर टेकायचं ठरवलं, तिथंच सगळं बिनसलं. पण पाय दुखत होते हो! आदल्या दिवशी व्हर्सायचा राजवाडा पाहिला होता. साडीखाली कॅनव्हासचे बूट घातलेली बाई कधी काळी इथून चालत जाईल, असा विचार राजवाडे बांधताना कुणी करत नाही.

आमचे हे कोल्हापुरात ऑइल इंजिनं करतात. १९५४ साली जर्मनीत यंत्रांचं मोठं प्रदर्शन भरलं, तिकडे यांना जायचं होतं. "मलाही न्या," असं मी वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच म्हटलं, आणि हे इतके दचकले की "बरं" म्हणून गेले. ठरलं असं की यंत्रं यांची, आणि नंतरचे आठ दिवस राजवाडे, बागा, चित्रं माझी.

व्हर्सायच्या बागेत झाडांची अशी काही हजामत केलेली होती की एकाही झाडाला हात लावायचा धीर होईना. मी कारंजी बघत होते, आणि हे पंप शोधत होते. "एवढं पाणी चढवतंय कोण?" असं म्हणत झुडपांमागे शिरले, ते थेट माळ्यानंच दंडाला धरून मला परत आणून दिले. आत आरशांचं दालन होतं. लोक छताकडे बघून 'आहाहा' करत होते. मला मात्र सतरा आरशांत एकच गोष्ट दिसत होती: निऱ्या वर गेलेल्या आणि खाली ते बूट.

ते असो. मी पॅरिसला खरी गेले होते ती आक्कांच्या कामासाठी.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. ऐन विशीत नवरा गेला, तेव्हापासून आमच्याकडेच. आख्ख्या मंगळवार पेठेत त्यांच्यासारखं भरतकाम कुणाचं नाही. लग्न ठरलं की उशीचे अभ्रे आक्कांकडे यायचे, आणि आक्का त्यांच्यावर पोपट काढायच्या. त्यांच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून एक चित्र चिकटवलेलं होतं, कुठल्याशा जुन्या इंग्रजी मासिकातलं. खिडकीशी बसून सुई ओवणारी एक बाई. डच चित्रकाराचं, आणि मूळ चित्र पॅरिसला, एवढं खाली छापलेलं होतं. छपाई काळी-पांढरी.

"तीस वर्षं पोपट काढले, सरोजिनी," आक्का मला म्हणाल्या. "आता एक माणूस काढायचंय. पण तिच्या पोलक्याचा रंग कोणता, ते कळत नाही."

घाई होती ती वेगळ्याच कारणानं. आक्कांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पिकला की काढू, पण बारीक काम यापुढे फार दिवस जमेल असं समजू नका.

म्हणून निघताना त्यांनी मला एक पुठ्ठा दिला. त्यावर अकरा रंगांचं रेशीम, प्रत्येकी दोन-दोन हात, गुंडाळलेलं. "चित्राजवळ धर आणि कोणतं जुळतं ते बघून ये. पोलकं आणि मागची भिंत. बाकीचा युरोप राहिला तरी चालेल." पुठ्ठ्यावर काळा तेवढा नव्हता. "काळं पोलकं घालून चित्र काढून घ्यायला कोण बसतंय?" असं आक्कांचं म्हणणं.

तर मी बाकावर टेकले. आक्कांची बाई तिथून तिसऱ्या दालनात होती. मी नकाशावर बोट ठेवून पक्कं केलं होतं. हे खाली लिफ्टच्या माणसाशी खुणांनी बोलत होते. एवढ्यात बाकाच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला:

"पावणं कुठलं म्हनायचं?"

मी उडालेच. नऊवारी लुगडं, त्यावर पुरुषी ओव्हरकोट, वर शाल, आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"कोल्हापूरचं," मी म्हटलं.

"अगं बया! मी पेठ वडगावची की! कोल्हापुरात कुठं?"

"मंगळवार पेठेत."

"मंगळवार पेठंत कुठं?"

"इंजिनांचा कारखाना आहे ना, त्याला लागून. आमचाच आहे."

"तुमचा व्हय? आवो, आमच्या मळ्यात तुमचंच इंजान हाय! दिवाळीधरनं बंद पडलंय!"

(एवढे सात समुद्र ओलांडून मी ही तक्रार ऐकली.)

त्यांचं नाव बाळाबाई. यजमान गणपतराव गुळाचे व्यापारी. लेक लंडनला शिकायला, त्याला भेटून परतताना त्यानं आईबापांना चार दिवस पॅरिस दाखवायला आणलेलं. बापलेक वर चित्रं बघत होते, आणि बाळाबाईंनी एका दालनातूनच माघार घेतली होती.

"तुमी बगितलं का वर? एकीच्या बी अंगावर धड कापड न्हाय. हितं आपल्याला ववरकोटात हुडहुडी भरतीया, आन् ह्या अशा लोळत्यात! आया न्हाईत व्हय ह्यांना?"

मी हसले, आणि पाच मिनिटांचा तास झाला. त्यांची भाची आमच्या गल्लीत दिलेली निघाली. तिच्या सासूचं माझं बोलणं नाही, ते का नाही, हे सांगण्यात अर्धा तास गेला. मग बाळाबाईंनी कनवटीची डबी काढली. डबीत कांदा-लसणाची चटणी! दीड महिना उकडलेले बटाटे खाल्लेल्या माणसाला त्या वासानं काय होतं, ते मी लिहू शकत नाही. भिंतीवरचे सगळे राजे आमच्याकडे बघत होते आणि आम्ही बोटानं चटणी चाटत होतो. मी मनाशी म्हणत होते, उठते आता, उठते.

आणि अगदी उठलेच होते. तेवढ्यात बाळाबाईंनी शाल सारखी करायला ओढली, आणि त्यांचं मंगळसूत्र वाढवलं.

काळे मणी त्या गुळगुळीत फरशीवर टपटप, टपटप पार पलीकडच्या दारापर्यंत गेले. बाळाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"वैनी, एक बी मनी हितं ऱ्हाता कामा न्हाय. मालकांना परत समुद्रावरनं न्यायचं हाय मला!"

आता सांगा, अशा वेळी कुठली बाई म्हणेल, 'थांबा हं, मी जरा चित्र बघून येते'? आम्ही दोघी चारी पायांवर उतरलो. पहारेकरी शिट्टी फुंकत धावत आला. बाळाबाईंनी त्याला रिकामा गळा दाखवला. तो बहुधा संसारी असावा, कारण त्यानं शिट्टी खिशात टाकली, टोपी उलटी करून मणी जमवायला दिली आणि स्वतः बाकाखाली शिरला. भोवती ही गर्दी! चित्रं सोडून लोक आम्हालाच बघत होते. एकानं फोटोही काढला. (युरोपातल्या कुणाच्या तरी आल्बममध्ये माझी पाठमोरी छबी आहे.)

मणी मिळाले. पण ओवायचे कशात? गळा मोकळा ठेवून बाळाबाई पाऊल उचलायला तयार नाहीत. मी पर्समधून आक्कांचा पुठ्ठा काढला. काळा नव्हताच, म्हणून त्यातल्या त्यात गडद असा निळा सगळा उलगडला, आणि एकेक मणी ओवत बसले. शेवटची गाठ मारली आणि बंद व्हायची घंटा वाजली. पहारेकऱ्यानं आम्हाला अगदी अदबीनं दाराबाहेर काढलं. आमची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला.

बोटीवर पंधरा दिवस मी एकच वाक्य घोकलं: 'आक्का, राहून गेलं.' सोपं वाक्य आहे.

घरी पोचले. आक्कांनी पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. पुठ्ठा हातात घेऊन उजेडाला धरला.

"निळा काढून घेतलास. म्हणजे निळा होय?"

त्यांचा चेहरा असा उजळला होता की माझं घोकलेलं वाक्य घशातच राहिलं.

"हो," मी म्हटलं.

"सगळाच्या सगळा काढलास, एवढा जुळला?"

"अगदी."

"आणि भिंत?"

एकदा हो म्हटल्यावर भिंतीला काय अडायचं? "पिवळसर," मी म्हटलं.

"बघ! मला वाटलंच होतं!" आणि आक्कांनी त्याच दुपारी सुई हातात घेतली.

डिसेंबरापर्यंत निळं पोलकं भरून झालं, पिवळी भिंत निम्मी झाली. आक्का कापड नाकाला लागेल इतकं जवळ धरत, आणि दर तासाला डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडत. अशात यांच्या जर्मन कंपनीकडून नव्या वर्षाचं कॅलेंडर आलं. दर महिन्याला एक प्रसिद्ध चित्र, रंगीत. मी सहज चाळलं. मार्चमध्ये खिडकीशी बसून ती सुई ओवत होती. पोलकं काळं कुळकुळीत, भिंत राखाडी.

त्या दिवशी सांगायला हवं होतं. मी काय केलं, तर मार्च फाडला आणि बंबात घातला.

एक मार्चला सकाळी यांनी फेब्रुवारी उलटला.

"हे काय? फेब्रुवारीनंतर एप्रिल?"

"छापायला विसरले असतील," मी स्वयंपाकघरातून म्हटलं.

"जर्मन माणूस महिना विसरत नाही!" यांना तो सगळ्या जर्मन यंत्रांचाच अपमान वाटला. यांनी कंपनीला विमानाच्या टपालानं पत्र लिहिलं. माझी समजूत, कागदाच्या एका चिटोऱ्यासाठी कोण उत्तर देतंय!

जर्मन माणूस पत्रही विसरत नाही. महिनाअखेरीस जाड पुठ्ठ्याचं पाकीट आलं. हे ते ओवाळायला आणल्यासारखं दोन्ही हातांत धरून माजघरात आले.

"हा घ्या मार्च! वर दिलगिरीचं पत्र! काय माणसं आहेत!"

आक्का तिथंच भरत बसल्या होत्या. कागद घेऊन त्या खिडकीशी गेल्या, डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ धरला. मग भावाला विचारलं, मला नाही.

"त्र्यंबक, हे काळं आहे का रे?"

"काळंच. का गं?"

आक्का माझ्याकडे वळल्या. मग मी सगळं सांगितलं: बाक, वडगाव, चटणी, मणी. बंबातला मार्चसुद्धा. हे आधी हसायला लागले, मग आमच्या दोघींकडे बघून कारखान्यात निघून गेले.

आक्का रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"डिसेंबरात सांगितलं असतंस तर उसवलं असतं गं," त्या म्हणाल्या. "तेव्हा दिसत होतं."

मी खाली पडलेले दोरे वेचत बसले.

थोड्या वेळानं त्यांनी मार्च समोर टेकवून ठेवला. "बोटं आणि सुई राहिलीत. तेवढी तरी हिच्यासारखी होऊ देत." एप्रिलभर त्या बोटं भरत होत्या. नंतर मोतीबिंदू काढला, जाड भिंगाचा चष्मा आला, पण आक्कांनी सुई काही पुन्हा धरली नाही.

चित्र आमच्या बैठकीत लागलं. बोटं अशी जिवंत की बघणारा हात लावायला पुढे होतो. मग आक्का शांतपणे सांगतात, "रंग आमच्या सरोजिनीनं पॅरिसहून आणलेत." तोंडावर हसू नाही, काही नाही. आणि मी शेजारी उभी.

गेल्या आठवड्यात मुलींच्या शाळेतले ड्रॉइंग मास्तर, अंबादास मास्तर, आले होते. त्यांनी मान वाकडी करून बराच वेळ पाहिलं.

"काम अप्रतिम. पण आक्का, मूळ चित्रात पोलकं काळं आहे, असं वाचल्यासारखं आठवतंय."

"तुम्ही जाऊन पाहिलंय का, मास्तर?"

"छे हो, आम्ही कुठले जातोय?"

"ही पाहून आलीय. विचारा की तिला."

दोघेही माझ्याकडे बघत होते. आक्कांच्या भिंगांमागचे ते मोठे झालेले डोळे...

"निळं आहे," मी म्हटलं. "चांगलं गडद निळं."

मास्तरांनी खिशातून वही काढून ते लिहून घेतलं. मग इतके भारावले की विचारू नका. येत्या शनिवारी त्यांच्या शाळेत 'मी पाहिलेली युरोपातली चित्रं' या विषयावर माझं तासभर व्याख्यान ठेवलंय. आक्का पहिल्या रांगेत बसणार आहेत. "दिसत नाही गं फारसं," असं त्या मला सकाळपासून दोनदा म्हणाल्या, "पण ऐकू अगदी स्वच्छ येतं."