पट्टेरी माशाचा नकाशा आणि कोंडोपंतांवरील किटाळ

श्रीमत्स्यरूप नारायण प्रसन्न. जळात जो प्रथम अवतरला त्यास वंदन करून, जळातील लहानशा जीवापायी मोठ्या माणसांत जे वितुष्ट आले त्याची हकिकत यथास्थित लिहिण्यात येते. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर. एक राज्य होते, त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. त्या राज्यात मत्स्यशाळा म्हणोन संशोधनाचे ठाणे होते आणि त्याजवर सगुणाबाई कारखानीस या मुख्य होत्या. तेथे काचेच्या टाक्यांतून बोटाएवढे पट्टेरी मासे पाळिले होते. मासा दिसण्यात क्षुल्लक, परंतु करणी अशी की काळजास जखम जाहली तरी आपले काळीज आपणच भरून काढतो. हे वर्म हाती लागल्यास मनुष्याच्या हृदयरोगावर इलाज सापडेल, म्हणोन देशोदेशीचे पंडित या माशाच्या पाठीस लागले होते. परंतु दर खेपेस नवा मासा कापावा आणि इवल्या देहात काय कोठे ते न उमजून भांडत बसावे, ऐशी गत. मग सगुणाबाईंनी मनसुबा केला की, एका निरोगी माशास सुरी न लावता क्षकिरणांनी त्याच्या पातळ पातळ चकत्यांची चित्रे घ्यावी, ती संगणकात एकापुढे एक रचून अवघा मासा पडद्यावर उभा करावा, हाडांस एक रंग, यकृतास दुसरा, मेंदूस तिसरा असे देऊन प्रत्येकाचे नाव लिहावे, आणि तो नकाशा जगास फुकट खुला करावा. ज्यास पाहणे असेल त्याने घरबसल्या मासा फिरवावा, उघडावा, आत शिरावे. हे काम कोंडोपंत शिंत्रे यांजकडे सोपविले. पंत नजरेचे बारीक, बोलण्यात तुटक. चकतीमागे चकती रंगविता रंगविता त्यांस चष्मा लागला, परंतु तक्रारीचा शब्द नाही.

सगुणाबाई कर्तबगार खऱ्या, परंतु तरुणपणी त्यांचा एक शोध दुसऱ्याने आपला म्हणोन दरबारी मिरविला होता, तेव्हापासून दुधाने तोंड पोळल्यागत ताकही फुंकून पीत. नकाशा पुरा होत आला तसतसा त्यांचा जीव खालीवर होऊ लागला. आज परवलीचा शब्द बदलावा, उद्या पुन्हा बदलावा, दाराशी दोन माणसे कुजबुजली तर तिसऱ्यास बोलावून पुसावे की काय बोलत होती, आणि मग त्या तिसऱ्यावरही भरवसा ठेवू नये. मत्स्यशाळेत कोणी मोकळेपणी हसेनासे जाहले. ऐशात एके दिवशी बाईसाहेब जिना चढत असता कोंडोपंत वरच्या सज्जात फोनवर बोलताना ऐकू आले. "नलावडेसाहेबांस कळवा, माझी तयारी आहे. मात्र येथे कोणास समजू नये." इतके बोलून पंतांनी मागे पाहिले, बाईसाहेब दिसल्या, आणि पंतांचा चेहरा पांढरा पडला. हैबतराव नलावडे म्हणजे शेजारच्या राज्यातील मत्स्यशाळेचे मुख्य. कोठेतरी पाणी मुरते आहे हे बाईसाहेबांच्या मनाने घेतले.

मग थोडक्याच दिवसांत वर्तमान आले की, हैबतरावांनीही पट्टेरी माशाचा नकाशा सिद्ध करून खुला केला. बाईसाहेबांनी तात्काळ तो पडद्यावर आणविला, हाडांपुरता ठेवून बाकी सर्व दूर केला, आणि कणा पाहता पाहता ताडकन उभ्या राहिल्या. शेपटाजवळचे दोन मणके एकास एक चिकटून वाढलेले. आपल्या नकाशातही तेच दोन मणके तसेच चिकटलेले होते, आणि ते एकट्या आपल्या माशाचे व्यंग म्हणोन त्यांनी मनाशी ठेविले होते. "हा मासा आमचा! चोरट्यांनी रंग बदलिले, हाडे कोठून बदलतील?" ऐसे म्हणोन कोंडोपंतांस बोलाविणे धाडिले.

पंत येऊन उभे राहिले. बाईसाहेब म्हणाल्या, "नलावड्यांस काय विकलेत?"

"काही विकले नाही, बाईसाहेब."

"मग सज्जात कसली तयारी कळवीत होता?"

पंत खाली पाहू लागले. मग म्हणाले, "ते माझे खासगी आहे. परंतु नकाशातील एक ठिपकाही मी बाहेर नेला नाही. आपण दुसरा मासा यंत्रात घालून पाहा. मणके त्याचेही जुळलेले असतील तर—"

"मजला शिकविता? ज्याचे खासगी तोंडावर सांगवत नाही, त्याची शपथ काय कामाची?"

 बाईसाहेबांनी त्यांचा परवलीचा शब्द रद्द केला, सर्वांदेखत त्यांची झोळी झाडून घेतली आणि त्यांस बाहेर काढिले. झोळीत डबा आणि चष्म्याचे घर, आणखी काही निघाले नाही. तरी बोभाटा जाहलाच. काल जे पंतांच्या पंक्तीस जेवत ते आज म्हणू लागले, "आम्हास आधीच शंका होती."

पुढे सर्व राज्यांच्या पंडितांची सभा भरणार होती, तेथे नलावड्यांची चोरी उघडी करावी असा बाईसाहेबांचा बेत. परंतु तेथे कोणी वाकडा प्रश्न पुसेल, तर जुळले मणके इतर माशांत आढळत नाहीत हे दाखविले पाहिजे, म्हणोन त्यांनी स्वतःच टाकीतले मासे यंत्रात घातले. पहिल्याचे मणके जुळलेले. दुसऱ्याचे जुळलेले. मग दुसऱ्या टाकीतले काढिले, तिसऱ्या टाकीतले काढिले, नर पाहिले, माद्या पाहिल्या, आणि ज्याचा कणा पाहावा त्याचा तसाच.  मग बाईसाहेबांनी मानापमान बाजूस ठेवून हैबतरावांस फोन लाविला आणि पुसिले की, तुमचे मासे मूळचे कोठले?

हैबतराव चकित होऊन म्हणाले, "ऐसे काय पुसता, बाईसाहेब? आमच्या टाक्यांत रोग शिरून सारे मासे मेले, ते समयी आपणच तर पिशव्या भरून धाडिले होते. त्यांचीच प्रजा आम्ही आजवर वाढवितो. आपले उपकार आम्ही विसरलो नाही."

बाईसाहेब विसरल्या होत्या. मग अडखळत पुसिले, "आणि कोंडोपंत?"

"त्यांनी आमच्याकडे नोकरी मागितली. आम्ही कारण पुसिले तेव्हा म्हणाले, तेथे श्वास कोंडतो. नकाशाची गोष्ट काढली तर उठोन जाऊ लागले, म्हणोन आम्ही पुन्हा काढली नाही."

बाईसाहेब तशाच पंतांच्या घरी गेल्या. पंतांनी दार उघडले, पाट मांडिला, पाणी दिले, सर्व रीत केली. बाईसाहेब म्हणाल्या, "पंत, चूक माझी. परत चला."

पंत म्हणाले, "चूक आपण कबूल केलीत हा मोठेपणा. परंतु ज्या दारात माझी झोळी झाडली, त्या दाराने आत येणे माझ्याच्याने होणार नाही. नलावडेसाहेबांकडे सोमवारपासून रुजू होतो." बाईसाहेबांनी फार विनविले, उपयोग जाहला नाही.

आता दुसरे संकट ऐसे की, जो मासा निरोगी नमुना म्हणोन जगापुढे ठेवावयाचा, त्याचे अवघे कुळच व्यंगाचे. ही गोष्ट बाईसाहेबांवाचून कोणास ठाऊक नव्हती. गप्प बसल्या असत्या तर सभेत टाळ्या पडत्या, आणि पुढे कोणी वैद्य आपल्या माशाचे सुटे मणके पाहून, औषधानेच सुटले ऐसे मानून फसता. बाईसाहेबांनी सभेत उभे राहून दोन्ही नकाशे शेजारी लाविले आणि स्वमुखे सांगितले की, हा सर्वसाधारण मासा नव्हे, ही एका कुळाची कुळकथा. याजवर भिस्त ठेवू नये. ओढ्यातले रानटी मासे आणून नवा नकाशा दोन्ही राज्यांनी मिळोन करावा. आणि कोंडोपंत शिंत्रे यांजवर मी घेतलेला आळ खोटा होता.  हैबतराव उठोन अनुमोदन देते जाहले. पंत त्यांच्या शेजारी बसले होते, त्यांनी दुरूनच नमस्कार केला.

मग ओढ्यातले मासे आणविले आणि काम नव्याने चालू जाहले. बाईसाहेब इकडल्या मत्स्यशाळेतून, पंत तिकडल्या मत्स्यशाळेतून, पडद्यावर समोरासमोर येऊन चकत्या तपासू लागले. पंतांचे काम पूर्वीसारखेच चोख, बोलणे अदबीचे. परंतु बाईसाहेबांशी बोलावयाचे तर पंत दर खेपेस तिकडल्या मत्स्यशाळेतील कोणा एकास साक्षीला शेजारी बसवीत, तो आल्यावाचून शब्द काढीत नसत. बाईसाहेब हे पाहत आणि साक्षीदार येईतो मुकाट थांबत.

येणेप्रमाणे पट्टेरी माशाचा नकाशा खरा होऊन जगास खुला जाहला, देशोदेशीचे वैद्य त्याचा उपयोग करू लागले. बाईसाहेबांनी सर्वांचे परवलीचे शब्द मोकळे केले, आणि पंतांनी साक्षीदार अद्याप उठविला नाही. जे जाहले ते इतके.