मेहबूबचाचांची फळी

मेहबूबचाचांच्या तोंडात एकही दात उरला नव्हता, पण सात जणांच्या ब्रशांवर त्यांचा कडक पहारा असायचा.

लातूर नवा जिल्हा झाला, कचेऱ्या उघडल्या आणि आम्ही कारकून मंडळी बदलीवर तिथं जाऊन पडलो. मी बिलोलीचा. खोली बघायला गेलो तेव्हा घरमालक आधी आडनाव विचारणार, म्हणून मी तयारीतच होतो. चाचांनी शिलाई मशीनवरून मान वर केली आणि विचारलं, "ब्रश वापरता का दातन?"

"ब्रश."

"मंग बसा. ऐका."

पुढं अर्धा तास ब्रशपुराण चाललं. चाचांनी एका फळीला सात भोकं पाडून ती ओसरीत, मशीनच्या बरोबर समोर ठोकली होती. सात खोल्या, सात भाडेकरू, सात भोकं. प्रत्येक भोकाखाली लाल दोऱ्यानं नाव शिवलेली चिंधी. "मुंडी वर, दांडी खाली. मोरीत ठेवायचा न्हाई, घाण उडती. डबीत कोंडायचा न्हाई, हवा पायजे. गावाला जाताना संगं न्यायचा आन् मला सांगून जायचं. आन् फासला! दोन ब्रशांत चार बोटं फासला!" एखादा ब्रश कलून शेजारच्याला टेकला की चाचांचा जीव वरखाली व्हायचा. तीन महिने झाले की ते ब्रशला सक्तीनं रिटायर करत आणि मशीनची धूळ झाडायच्या कामाला लावत.

त्या वर्षी दुष्काळ होता. टँकर आठवड्यातून एकदा यायचा. आंघोळीला आम्ही कधीच रजा दिली होती, पण ब्रश धुवायला चाचा स्वतःच्या माठातलं वाटीभर पाणी देत. "आंग मळलं तर मळू द्या," म्हणत.

एकदा कचेरीला निघालो आणि विसरलेला डबा घ्यायला परत आलो. बघतो तर चाचा फळीपाशी उभे राहून एकेका ब्रशच्या केसांवरून बोट फिरवतायत! माझं टाळकंच सरकलं.

"चाचा! आम्हाला एवढं शहाणपण शिकवता आणि स्वतः सगळ्यांच्या ब्रशला हात लावता?"

चाचा ओशाळले. "हात धुतलाय, साब. वल्ला हाय का बघून राहिलो."

"ओला? कशाला?"

"वल्ला म्हंजे मानूस उठला." त्यांनी एक कललेला ब्रश सरळ केला. "पयल्या साली एक मास्तर ऱ्हायचा, जळकोटकडला. तवा समद्यांचे ब्रश एकाच डबड्यात. त्याचा कोरडा हाय, हे कुनाला दिसलंच न्हाई. मला वाटलं, गावाला गेला आसंल. तिसऱ्या दिवशी दार तोडलं. लई उशीर झाला हुता."

मला स्वतःचीच लाज वाटली. चाचांची बायको जाऊन वर्षं झालेली, मुलं हैदराबादला. सकाळी उठून ज्यांची काळजी करावी असे त्यांना आम्ही सातच होतो. संध्याकाळी मी ही गोष्ट बाकीच्या सहांना सांगितली.

पुढच्या आठवड्यात टँकर आलाच नाही. चाचांचा माठही कोरडा पडला. कळशीच्या तळाला होतं ते प्यायला ठेवायचं, तोंडं धुवायची नाहीत, असं आम्ही सातांनी ठरवलं. सकाळी जागा झालो आणि पहिल्यांदा डोळ्यांपुढं आली ती फळी. सात कोरडे ब्रश बघून चाचांच्या काळजाचं काय होईल? तांब्यातल्या घोटभर पाण्यात ब्रशची मुंडी बुडवली आणि ओसरीत गेलो. बाकीचे सहा ब्रश तिथं आधीच ओलेचिंब उभे होते.

चाचा आले. एकेकावरून बोट फिरवत सातव्यापाशी थांबले आणि माझ्या तोंडाजवळ नाक आणलं.

"पेष्टचा वास न्हाई. ब्रश मातर वल्ला?"

मी तोंडावर हात धरला.

"प्यायच्या पान्याची नासाडी करता का रे पोरांनो!" एरवी आम्हाला साब म्हणणारे चाचा साती दारांना ऐकू जाईल असे ओरडले. मग मशीनवर जाऊन बसले आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ मशीन चालवत राहिले. सुईखाली कापड नव्हतं.