चिखल नसलेला नकाशा

घरतभाऊंच्या हातात कुठलाही नकाशा द्या, ते आधी तो उलटा करून मागची बाजू बघतात. तिथं चिखलाचा डाग नसला, की "ह्यो बसून काढलेला हाय" म्हणून परत देतात. पुतण्याच्या लग्नपत्रिकेवर हॉलचा नकाशा होता. तीही त्यांनी उलटी केली. मागे केटररची जाहिरात होती. "जेवन नक्की हाय, हॉलचं सांगता येत नाय," म्हणून ते तासभर आधी, विचारत विचारत निघाले. आमच्यातले मुहूर्ताला पोचलेले तेवढे एकटेच.

घरतभाऊ आमच्या पेणच्या कचेरीत जमीन मोजतात, मी फायली सांभाळतो. दोघेही रोह्याचे. त्यामुळे गेली नऊ वर्षं माझ्या मोटारसायकलच्या मागच्या सीटवर ते असतात आणि रस्त्याच्या प्रत्येक वळणाला त्यांचा काही ना काही आक्षेप असतो.

मग कचेरीत जीआयएस आलं. तालुक्यातलं प्रत्येक शेत उपग्रहाच्या डोळ्यांनी पडद्यावर दिसणार होतं. उद्घाटनाच्या नारळाचं पाणी यूपीएसवर उडालं आणि पहिले चार दिवस तालुका दिसलाच नाही. प्रशिक्षणाला निवृत्तीला सहा महिने उरलेले दोघे गेले, कारण हॉटेलातलं जेवण ज्येष्ठतेनं वाटायचं असतं. पासवर्ड ठाऊक असलेल्या साहेबांची बदली झाली आणि पासवर्डही त्यांच्याबरोबर नव्या जागी रुजू झाला. गावात जाऊन कुणाला काही विचारलंत का, असं मी कंपनीच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "सर, ते आमच्या स्कोपमध्ये नाही."

घरतभाऊंनी पहिल्याच दिवशी मॉनिटर फिरवून मागची बाजू बघितली. वायरी होत्या. त्यांनी तो परत होता तसा फिरवला.

त्यांची वेळ पुढे आली. धरमतरकडच्या एका गावात खाडी अडवणाऱ्या मातीच्या बांधाला खांड पडली, खारं पाणी शेतात शिरलं, आणि उपग्रहानं नेमकं त्याच दिवशी खाली बघितलं. पडद्यावर चाळीस जणांची भातशेती खाडीच्या निळ्या रंगात गेली. बांधदुरुस्तीची यादी पडद्यावरूनच निघायची होती. जिथं शेतच नाही तिथं बांध कशाला? आणि मोठ्या उधाणाच्या आत खांड बुजली नाही, तर ती शेतं कायमची खाडीची.

त्या गावच्या मंदाबाई कचेरीत आल्या. "तुमचा डबा माजे शेतान पानी दावतंय. मी काय मासली हाय?"

"सिस्टीममध्ये पाणी आहे," नवे साहेब म्हणाले.

"डेटा बरोबर आहे सर," कंपनीचा माणूस म्हणाला. "त्या दिवशी पाणी होतंच."

घरतभाऊ उठले. "चल गो, दाखव." मी मोटारसायकल काढली.

त्यांचा नियम असा, की ज्याचं शेत त्यानं आपल्या कोपऱ्यावर उभं राहायचं. खुणेचे दगड बुडाले होते, पण माणसांच्या पायांना जागा ठाऊक होत्या. चाळीस जण गुडघाभर खाऱ्या पाण्यात जाऊन उभे राहिले.

"सरक गो, तू सासूच्या शेतात गेलीस."

"सासूच माज्यात आली, भाऊ. तिला सांगा."

भाकरी आली, ती त्यांनी परत पाठवली. मापं झाल्याशिवाय जेवण नाही. दिवस कलेपर्यंत सगळी शेतं कागदावर उतरली, खाली चाळीस सह्या-अंगठे पडले. एवढ्या अंगठ्यांपुढे साहेबांचं काही चाललं नाही. उधाणाच्या आत खांड बुजली. पडद्यावर ते गाव अजून निळंच आहे.

पण मला लक्षात राहिलं ते त्या दिवशीचं परतणं. निघण्याआधी बांधावर उभं राहून घरतभाऊंनी पलीकडच्या खाऱ्या चिखलात माजलेल्या तिवरांच्या रानाकडे बोट केलं.

"थय माजे बहिणीच्या सासरचं शेत होतं. मी नोकरीत नवा. असंच पाणी भरलेलं. कोण चिखलात जातो, म्हणून कचेरीत बसून नकाशा केला. पडीक दलदल लिवलं. बांध झाला नाय."

"मग?"

"मग तिवरं आली."

बहीण आणि मेव्हणा आमच्या रोजच्या वाटेवरच्या गडबला हमरस्त्यावर टपरी टाकून बसले. तेव्हापासून घरतभाऊंना भाऊबीजेचं बोलावणं नाही.

गडब आलं तसं ते नेहमीप्रमाणे म्हणाले, "थांब. पाण्याची बाटली घे. मी हितंच बसतो." नऊ वर्षं पाण्यासाठी आम्ही याच टपरीवर का थांबतो आणि ते गाडीवरून का उतरत नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

टपरीवरच्या बाईंनी बाटली दिली आणि रस्त्यापलीकडे बघितलं. घरतभाऊंच्या पोटऱ्यांवर मीठ वाळून पांढरं झालं होतं.

"खांडीवर गेलता?"

"हो. सगळी शेतं मोजली. बांध होईल आता."

त्यांनी फडक्यानं फळी पुसली. स्वच्छच होती.

"जेवलाय का, इचारा."

मी रस्ता ओलांडून विचारलं. घरतभाऊ नागोठण्याच्या दिशेला बघत होते. सकाळपासून पोटात दोन चहा होते.

"व्हय म्हणून सांग," ते म्हणाले.

मी परत गेलो आणि नाही म्हणून सांगितलं. बाईंनी गॅस पेटवला आणि पिठाचा डबा पुढे ओढला.