विषयात बसत नाही

आमच्या इंगोले सरांच्या वाढदिवसाला कोणीतरी ग्रुपवर केकचा फोटो टाकला, तर सरांनी तो स्वतःच्या हाताने पुसून खाली लिहिलं, "विषयात बसत नाई."

सर अमरावतीच्या एका कॉलेजात संगणक शिकवून निवृत्त झाले. अमरावती-अकोल्याच्या दीडशे संगणकवाल्यांचा 'वऱ्हाड तंत्रमित्र' हा मोबाईलवरचा ग्रुप त्यांचाच. निवृत्तीनंतर लोक नातवंडं सांभाळतात, सर विषय सांभाळतात. शुभ सकाळ, बारसं, तेरवी, सगळं समान न्यायाने पुसतात.

अंजनगाव सुर्जीच्या एकाने विचारलं की मोबाईलवरून विहिरीची मोटर चालू होत नाही, काय करू? सरांनी तीन दिवस चर्चा घडवून निकाल दिला. मोबाईल विषयात, मोटर अर्धी विषयात, विहीर पूर्ण बाहेर. तोवर त्याचा हरभरा सुकत होता, पण हरभऱ्याचं तर नावच काढायला नको.

मीही हसत होतो, माझ्यावर येईपर्यंत. "बाबांचं उद्या अकोल्याला ऑपरेशन आहे, दोन दिवस ग्रुपवर नसेन," एवढंच टाकलं. दोन मिनिटांत गायब. खाली तेच तीन शब्दांचं सांत्वन, "विषयात बसत नाई."

माझं डोकं फिरलं. एकेकाला फोन लावले. रविवारी सगळ्यांनी बाहेर पडायचं, नवा ग्रुप काढायचा आणि सरांना त्यांच्या विषयासोबत एकटं सोडायचं, असं ठरवलं. चाळीसेक जण तयार झाले. काही जण मात्र "सरांबद्दल तसं नको" एवढंच म्हणाले. मला ते घाबरट वाटले.

दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या दवाखान्यात बाकावर बसलो होतो, तर समोर इंगोले सर. पहिल्या एसटीने आलेले, हातात भाकरी-भाजीचा डबा. बाबांना बाहेर आणेपर्यंत ते शेजारी बसून राहिले. शेवटी मला राहवलं नाही. माझा निरोप पुसलात आणि स्वतः काहून आलात, असं विचारलं.

सर डब्याचं झाकण लावत राहिले.

"माही बायको गेली तवा म्या ग्रुपवर टाकलं होतं," ते म्हणाले. "दीडशेच्या दीडशे जणायनं हात जोडले. घरी कोणीच नाई आलं. तवापासून पुसतो. पुसलं का मले जा लागते."

मला मान वर करवेना. त्या काही जणांकडेही सर असेच जाऊन आले असणार, हे तेव्हा कळलं. संध्याकाळी सगळ्यांना फोन करून रविवारचा बेत मोडला.

बाबा घरी आल्यावर मी मुद्दाम ग्रुपवर लिहिलं, "बाबा घरी आले, बरे आहेत." दोन मिनिटांत पुसलं गेलं.

मी उठलो आणि चहाला एक कप पाणी जास्त ठेवलं.