लिफ्ट तपासनीसांची ढकलगाडी

"ब्रेक मला समजावू नका," लिफ्ट तपासनीस दुकानातल्या विक्रेत्याला म्हणाले. "उभा जन्म मी ब्रेकच तपासले."

पाठीच्या ऑपरेशननंतर गोल्फची पिशवी उचलायला डॉक्टरांनी त्यांना कायमची बंदी केली होती. ढकलगाडीवर पिशवी ठेवून मैदान चालायला मात्र हरकत नव्हती. दरम्यान गोल्फ खेळणाऱ्या मित्रांच्या चौकडीतली त्यांची जागा एका दंतवैद्याने धरली होती. वकीलमित्र फोनवर म्हणाला होता, "रविवारी ये. आमच्या चालीने चालता आलं तर जागा तुझी. नाहीतर राग मानू नकोस."

त्यामुळे तपासनीसांनी दुकानातल्या प्रत्येक गाडीचं चाक फिरवून त्याला कान लावला. विक्रेत्याला घाम फुटला. बायकोने चार चाकांच्या गाडीकडे बोट दाखवलं.

"ही घ्या ना. जागची हलायची नाही."

"जागची हलली नाही तर ढकलू कशी?"

"अहो, पण ती तीनचाकी बाबागाडीसारखी दिसते."

"दिसू दे. बोट लावलं की पळते बघ."

विक्रेता चाचरत म्हणाला, "सर, ब्रेक पायाने एकदा दाबला की लागतो, पुन्हा दाबला की..."

"कळलं हो," म्हणत त्यांनी तीनचाकी दाराकडे वळवलीसुद्धा.

रविवारी गाडी लोण्यासारखी चालली. तपासनीस सगळ्यांच्या पुढे. मागून वकील धापा टाकत "अरे, जरा दमानं" म्हणाला, तेव्हा त्यांनी मुद्दाम चाल आणखी वाढवली.

तळ्याच्या वरच्या उतारावर त्यांनी ब्रेक दाबला. मग नोकरीतल्या सवयीने, खात्रीसाठी, पुन्हा दाबला. तेवढ्याने तो सुटला. ते गाडीकडे पाठ करून चेंडूसमोर उभे राहिले.

"तुझी गाडी," वकील म्हणाला.

"आवडली ना? मग सांगतो."

"अरे, गाडी चाललीय."

"चालणारच. निवडलीय कुणी? आता जरा गप्प बसा, मारू दे."

चेंडू भोकात पडला आणि मागे डुबुक् असा आवाज झाला. तळ्यावर फक्त गाडीचं हँडल दिसत होतं, बुडणाऱ्याने हात वर करावा तसं.

तपासनीसांना ओढाओढीची मनाई, म्हणून बाकीचे तिघे चिखलात उतरले. वकिलाने जोर लावून हिसका दिला. गाडी बाहेर आली. वकील मात्र काटकोनात वाकला तो सरळ होईना. शेवटी त्याच गाडीचा आधार घेत तो मैदानाबाहेर आला. खेळ तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"मलाही पिशवी उचलायची बंदी झाली रे. गाडी कुठून घेतलीस? पाण्यातून काढली तरी कुरकुर नाही. उत्तम निवडलीस."

तपासनीसांनी दुकानाचा पत्ता सांगितला. मग जरा घुटमळत म्हणाले, "तू बरा होईपर्यंत तुझ्या जागी मी..."

"माझ्या जागी दंतवैद्याचा मेहुणा येतोय."

"आणि माझ्या?"



"दंतवैद्य."

त्यांनी फोन ठेवला. बायको दारातच उभी होती.

"काय म्हणाले भाऊजी?"

"गाडी उत्तम निवडली म्हणाले."