गोळ्यांचे वाटे

बरा होणाऱ्या आजाराला समाजात प्रतिष्ठा नसते. साधा ताप येतो, जातो, आणि त्याची पुन्हा कोणी चौकशी करत नाही. जुना आजार मात्र माणसाला स्थैर्य देतो. तो त्याला वेळेवर उठवतो, वेळेवर जेवायला बसवतो, लग्नाच्या पंगतीत वेगळा मान मिळवून देतो आणि चार लोकांत बोलायला कायमचा विषय पुरवतो. आमच्या खैरबोडीत बिनसाखरेचा चहा मागणारा पाहुणा आला की घरातली एकुलती एक खुर्ची पुसून त्याच्यापुढे सरकवली जाते. गोड चहा पिणाऱ्याने सतरंजीवर बसावं, अशी रीत आहे.

मी आधारभूत धान खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. धानातला ओलावा मोजण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे शास्त्र एका बाजूला आणि शेतकरी दुसऱ्या बाजूला असताना मधोमध उभं राहायची मला सवय आहे. निवृत्तीच्या वर्षी मला शुगर निघाली. निरोप समारंभातल्या शालीपेक्षा गावाने तिचीच जास्त दखल घेतली आणि मी 'भय्या'चा 'भय्याजी' झालो.

लाखांदूर तालुक्यातल्या आमच्या या गावाची आरोग्यस्थिती थोडक्यात अशी: एक तृतीयांश लोकांना शुगर, एक तृतीयांश लोकांना बीपी आणि राहिलेल्या एक तृतीयांश लोकांची अजून तपासणी झालेली नाही. (ज्यांना दोन्ही आहे ते ग्रामपंचायतीत निवडून येतात.) अशा गुणी गावाकडे शास्त्राचं लक्ष जाणं अटळ होतं. नागपूरच्या एका संशोधन संस्थेने मागच्या वर्षी उन्हाळ्यात आमची निवड केली. प्रकल्पाचं नाव होतं 'दीर्घकालीन आजारी व्यक्तींवरील उपचारांच्या सुरक्षिततेचा बहुकेंद्री अभ्यास'. बहुकेंद्री म्हणजे समाजमंदिरात, आणि पाऊस आला तर अंगणवाडीत.

संस्थेतर्फे आलेल्या डॉक्टर दामिनी वयाने लहान, आवाजाने मोठ्या आणि स्वभावाने प्रामाणिक होत्या. (हा शेवटचा गुण संस्थेच्या लक्षात यायला पुढे बराच वेळ लागला.) त्यांनी गावाला एकत्र बसवून समजावलं की शुगर कमी करणारी एक नवी गोळी निघाली आहे. ती जुन्या रुग्णांना सुरक्षित आहे की नाही, ते बघायचं आहे. नेहमीच्या गोळ्या चालूच ठेवायच्या, ही त्यांच्यावर रोज एक. मात्र अर्ध्या लोकांच्या शिशीत खरी गोळी असेल आणि अर्ध्यांच्या शिशीत हुबेहूब तशीच, पण औषध नसलेली.

"म्हंजे अर्ध्याईले पिठाची?" देवाजी उठून उभा राहिला.

"तसंच समजा, काका."

"कोनाले कोनती, हे तुमाले त मालूम असन ना जी?"

"नाही. ते मलाही माहीत नसतं. तसा नियमच आहे."

मग मागून कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळं समाजमंदिर टाळ्यांनी दुमदुमलं. आजवर आम्ही लाखांदूरचे डॉक्टर पाहिले, भंडाऱ्याचे पाहिले, नागपूरचेही पाहिले. पण आपण काय देतो आहोत हे आपल्याला ठाऊक नाही, असं चारचौघांत कबूल करणारा डॉक्टर प्रथमच भेटला होता. त्यानंतर गावाने दुपारभर प्रश्न विचारले. गोळी कशाची आहे, कोणी बनवली, बनवणाऱ्याला स्वतःला शुगर आहे का, असेल तर तो कोणती गोळी खातो, मटण चालतं का, आणि पीठ गव्हाचं की तांदळाचं. दामिनी मॅडमनी प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी नागपूरला फोन लावून मिळवलं.

देवाजीने मात्र 'कोनाले कोनती' यापुढे काही विचारलं नव्हतं आणि त्याला कारण होतं. त्याची बायको गोदावरीबाई आमच्या गावच्या रोवणीतली, म्हणजे धानाच्या लावणीतली, पहिली बाई. चिखलात उतरली की तिच्या ओळीवर बाकीच्या बायकांनी आपली ओळ धरायची, आणि गाणंही तिनेच उचलायचं. त्याआधीच्या रोवणीत तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याजवळ जखम झाली. शुगरमुळे ती भरेना. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की पावसाआधी जखम सुकली तर ठीक, नाही तर अंगठा काढावा लागेल, आणि एवढ्यावर थांबलं तर नशीब. गोदावरीबाई यावर एवढंच म्हणाली होती, "अंगठा गेला त चिखलात उभी कशी राहू?"

नवरा-बायको दोघांनाही शुगर, दोघंही अभ्यासात. दोघांना एकेक शिशी मिळाली. त्या शिश्या घरी आल्या आणि देवाजीचं जेवण उडालं. तो माझ्याकडे आला.

"भय्याजी, मी माही शिशी तिले देल्ली असती. पन माहीच पिठाची निंघाली त? अन तिची खरी असन, थे मी खाल्ली त?"

विचार बिनतोड होता. खरं सांगायचं तर मला त्याचं फार वाईट वाटलं, आणि म्हणूनच मी त्याला खुशालकडे नेलं.

खुशाल कोण, हे आमच्या भागात सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात बोडीचं, म्हणजे गावतळ्याचं, पाणी उतरलं की सगळं गाव मिळून मासे धरतं. कोणाच्या जाळ्यात काय आलं याला किंमत नाही. सगळे मासे एका ढिगात पडतात, ढिगाचे सारखे वाटे पडतात, मग खुशाल वाट्यांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एकेका वाट्यावर हात ठेवून विचारतो, "हा कोनाचा?" आणि खुशाल न बघता नाव घेतो. वर एक वाटा देवाचा म्हणून जास्तीचा पाडतात. तो आजारी माणसाला, बाळंतिणीला, ज्याला पाण्यात उतरता आलं नाही त्याला जातो. या पद्धतीवर आजवर गावात भांडण झालेलं नाही. (आमच्या गावात बाकी सगळ्या गोष्टींवर झालेलं आहे.)

खुशालने देवाजीचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला.

"ज्या गोष्टीत कोनाले काय आलं हे मालूम नाई, थिचे वाटे पाडाचे असते. येवढं साधं त्या नागपूरवाल्याईले काहून नाई सुचलं?"

दुसऱ्या दिवशी देवाजीच्या अंगणात सर्वांच्या शिश्या पितळेच्या परातीत रिकाम्या झाल्या. बायकांनी तांदूळ पाखडावेत तशा सफाईने गोळ्या कालवल्या. खुशालने पाठ केली, नावं घेतली, आणि प्रत्येकाच्या शिशीत त्याचा वाटा परत गेला. आता गावात कोणीही निव्वळ पिठावर नव्हतं आणि कोणीही एकटा औषधावर नव्हता. देवाचा वाटा एकमताने गोदावरीबाईला मिळाला. नव्या शिश्या आल्या की पुन्हा परात निघायची. विज्ञानाने केलेला अन्याय गावाने विज्ञानाला कळू न देता दूर केला, यात त्याचा मान राखण्याचीच भावना होती.

दामिनी मॅडम तपासायला यायच्या तेव्हा प्रत्येकाची शिशी रिकामी असायची. एक गोळी शिल्लक नाही, एक चुकलेली नाही. इतर गावांत लोक गोळ्या कोंबड्यांना घालतात, पेरूच्या झाडाखाली पुरतात, व्याह्याला भेट देतात. खैरबोडीचं पालन शंभर टक्के. संस्थेने आम्हाला 'आदर्श सहभागी गाव' असं प्रमाणपत्र दिलं. ते ग्रामपंचायतीत हागणदारीमुक्तीच्या प्रमाणपत्राच्या शेजारी लावलं आहे आणि दोन्ही सारखीच खरी आहेत.

मृगाच्या सुमारास एका सोमवारी गोदावरीबाईचा उपास होता. तिने सकाळी नेहमीची गोळी घेतली, नवी घेतली, देवाच्या वाट्याची घेतली आणि उपाशीपोटी हातपंपावर गेली. तिथे तिला दरदरून घाम सुटला, हातपाय थरथरू लागले, डोळे फिरले आणि ती असंबद्ध बोलू लागली. शेजारच्या रत्नाबाईने ही लक्षणं तात्काळ ओळखली. गोदावरीच्या अंगात देवी आली होती.

पुढची कार्यवाही शिस्तीत पार पडली. कुंकू लागलं, नारळ फुटला, रांग लागली. देवीला हरवलेल्या बकरीबद्दल विचारण्यात आलं, पण ती नुसती "पानी, पानी" म्हणत राहिली. यंदा पाऊस भरपूर आहे, असा याचा अर्थ जाणत्यांनी काढला. (पाऊस खरोखर भरपूर झाला. यात गोळीचा हात किती, यावर स्वतंत्र संशोधन व्हायला हवं.) एकटा देवाजी गर्दीत शिरून "देवी नाई, हे माही बायको हाय, थिले सोडा!" असं ओरडत होता, त्याला दोघांनी धरून ठेवलं. मग रत्नाबाईने देवीला प्रसाद म्हणून गूळ-खोबऱ्याचा मोठा घास भरवला, त्यावर दुसरा, तिसरा. थोड्या वेळात देवी शांत झाली, निघून गेली आणि गोदावरीबाईने विचारलं, "मले कोन भिजवलं?"

त्याच आठवड्यात दामिनी मॅडम आल्या. गावाने त्यांना हा प्रसंग अभिमानाने सांगितला. त्या ऐकता ऐकता गंभीर होत गेल्या.

"घाम आला होता? हात थरथरत होते?"

"हाव."

"आणि गूळ खाल्ल्यावर कमी झालं?"

"गूळ नाई मॅडम, प्रसाद," रत्नाबाईने दुरुस्ती केली.

दामिनी मॅडम धावतच गोदावरीबाईकडे गेल्या. मी मागोमाग. "मावशी, तुम्ही नव्या गोळ्या किती घेता?"

"माह्या वाट्याची एक अन देवाच्या वाट्याची एक."

त्यानंतर खुशालला बोलावलं गेलं आणि त्याने परातीसकट प्रात्यक्षिक करून दाखवलं. पाठ कशी करायची, नाव कसं घ्यायचं, कुठेही लपवाछपवी नाही. दामिनी मॅडम उंबरठ्यावर बसल्या. आधी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मग त्या हसायला लागल्या, आणि हे दोन्ही बराच वेळ एकत्र चाललं. गोदावरीबाईने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "रडू नको मा. वाटे बरोबरच पाडले आमी."

"मावशी, तुमची शुगर एवढी उतरली होती की गूळ मिळाला नसता तर तुम्ही वाचला नसता," मॅडम म्हणाल्या. तेव्हा देवाजीने परात उचलली, गोळ्या शेणखताच्या खड्ड्यात ओतल्या आणि भिंतीला टेकून बसला.

दामिनी मॅडमनी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे संस्थेला सगळं खरं कळवलं. दुसरी म्हणजे गोदावरीबाईला नियमानुसार अभ्यासातून बाद केलं. बाद झालेल्या माणसाशी संस्थेचा संबंध उरत नाही, त्यामुळे मॅडम आता तिच्यावर मोकळेपणाने उपचार करू शकत होत्या. त्या लाखांदूरला खोली घेऊन राहिल्या होत्या; तिथून एक दिवसाआड स्वतःच्या स्कूटीवर यायच्या, जखम साफ करायच्या, पट्टी बांधायच्या, जुन्या गोळ्यांचं प्रमाण नीट बसवायच्या. मऊ तळाची चप्पल त्यांनीच आणली. मधल्या दिवशी पाय धुऊन, कोरडा करून, बोटाबोटांमध्ये बघायचं काम देवाजीला नेमून दिलं. गावात पुरुषाने भर ओसरीवर बसून बायकोचे पाय धुण्याची ही पहिलीच घटना. सुरुवातीला बघायला लोक जमले. नंतर बायका जमल्या, आणि त्यांनी घरी जाऊन आपापले पाय पुढे केले.

जखम भरली. अंगठा जागेवर राहिला. हा इलाज कोणत्याही अहवालात नाही, कारण अभ्यासातून बाद झालेल्या रुग्णाचं बरं होणं मोजत नाहीत.

अभ्यासाचा निष्कर्ष मात्र उत्तम निघाला. खऱ्या गोळीच्या गटात आणि पिठाच्या गटात दुष्परिणाम मोजले, तर ते तंतोतंत सारखे. त्यावरून तज्ज्ञांनी सिद्ध केलं की ही गोळी पिठाइतकीच सुरक्षित आहे. (गुणाच्या बाबतीतही दोन्ही सारख्याच ठरल्या, पण तो या अभ्यासाचा विषय नव्हता.) देवी अंगात येण्याला तक्त्यात रकाना नसल्यामुळे ती घटना 'अन्य' मध्ये गेली. दामिनी मॅडमच्या पत्राला उत्तर आलं की वाटे पाडणं ही स्थानिक सांस्कृतिक बाब असून तिची नोंद परिशिष्टात घेतली जाईल. परिशिष्ट पुढे कागद वाचवण्यासाठी छापलं नाही. मॅडमनी नोकरी सोडली आणि आता लाखांदूरलाच दवाखाना टाकला आहे. तिथे गर्दी असते, कारण त्यांना जे माहीत नसतं ते त्या अजूनही सांगून टाकतात.

यंदा रोवणीला गोदावरीबाईला चिखलात उतरायची बंदी होती. ती बांधीच्या पाळीवर, म्हणजे धानाच्या शेताच्या बांधावर, चप्पल घालून बसली आणि तिथूनच गाणं उचलत, ओळी सरळ करत राहिली. वाकून काम करताना तिला जे दिसत नव्हतं ते आता सगळं दिसत होतं, त्यामुळे बायकांचे फार हाल झाले. मी लाखांदूरहून येता येता तिच्यापाशी थांबलो. मेडिकलच्या दुकानात ती गोळी रंगीत वेष्टनात विकायला ठेवलेली मी नुकतीच पाहिली होती. तसं तिला सांगितलं.

तिचं गाणं थांबलं. "कोन खाऊन राहिले थे?"

"शहरातले लोक खाऊन राहिले, वयनी. शिकलेसवरले."

"मंग त्याईनं डॉक्टरले इचारलं असन ना, हे कोनावर करून पायली म्हून? आमी त पुरी दुपार इचारलं होतं."

"शिकलेले लोक हायेत. इचारल्याबिगर थोडीच खात असतीन."

"हाव, थे बी खरं हाय," ती म्हणाली. तिच्या जिवावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं, आणि तिने पुन्हा गाणं उचललं.

तिला मी तुमच्या वतीने शब्द देऊन बसलो आहे, म्हणून एकदा खात्री करून घेतो. विचारलं होतं ना तुम्ही?